रंगभूमी, रोगराई आणि निसर्गाचे ऋण

नटाने रंगमंचावर बोलावे आणि खाली उतरल्यावर गप्प बसावे, अशी आमच्या धंद्यातली जुनी शिकवण आहे. दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये म्हणण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने स्वतःची वाक्ये जुळवून सुजाण श्रोत्यांपुढे उभे राहावे, हे थोडे धाडसाचेच म्हणायचे. तरीही नाटकाचा धंदा, रोगाची साथ आणि निसर्गाविषयीची आपली जबाबदारी हे तीन विषय एकत्र मांडण्याचे आम्ही पत्करले, ह्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत हे तिन्ही विषय आमच्या आयुष्यात हातात हात घालूनच आले, आणि आता ते एकमेकांपासून सोडवून सांगणे आम्हांला जमत नाही.

येथे ‘आम्ही’ म्हणजे केवळ तोंडाला रंग लावणारे नव्हेत. पडदा ओढणारा, दिव्यांचे मंडळ सांभाळणारा, कपडेपटवाला, रंगभूषाकार, नेपथ्य उभारणारे कामगार, तिकिटाच्या खिडकीवर बसणारा आणि रात्रभर बस हाकणारा, एवढी सगळी माणसे त्या ‘आम्ही’त येतात. प्रेक्षकांना दहा माणसे दिसतात. न दिसणारी निदान तितकीच असतात. आणि ह्यांतील बहुतेकांना मासिक पगार नसतो. प्रयोग झाला तर त्या प्रयोगाची ‘नाइट’ हातात पडते. प्रयोग झाला नाही, तर काही नाही. साथीच्या काळात आमच्यावर काय आले, हे समजण्यासाठी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची साथ जगभर पसरल्याचे जाहीर केले. दोनच दिवसांनी मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतली नाट्यगृहे बंद करण्याचा हुकूम निघाला. त्या वेळी आमची बस दौऱ्यावर होती. पुढच्या गावच्या प्रयोगाची तिकिटे खपलेली होती. ते पैसे परत केले, सामान उतरवलेच नाही, आणि गाडी तशीच मागे फिरवली. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. २५ मार्चला, म्हणजे ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच जत्रेसाठी सुपाऱ्या द्यायला येतात. त्या वर्षी राहुट्यांवर कोणी आले नाही. पुढच्या वर्षीही तीच गत झाली. ज्यांचे वर्षाचे पोट दोन-तीन महिन्यांच्या जत्रांवर चालते, त्यांचे लागोपाठ दोन हंगाम बुडाले.

नाट्यगृहे पुन्हा उघडण्याची परवानगी मिळाली ती ५ नोव्हेंबर २०२० रोजी. तो मराठी रंगभूमी दिन होता, हा योगायोग पाहून डोळ्यांत पाणी आले. पण निम्म्याच खुर्च्या भरायच्या, अशी अट होती. त्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये दारे पुन्हा लागली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा निम्म्या आसनांवर उघडली. खर्च पुरा आणि उत्पन्न निम्मे, हा हिशेब कोणालाही कळेल. परंतु एका खुर्चीआड एक खुर्ची मोकळी ठेवल्यावर जे आम्हांला कळले, ते हिशेबाच्या वहीत येण्यासारखे नव्हते. विनोदी नाटकाचा प्रयोग होता; वाक्ये तीच, नट तेच; पण हशा उठेना. हशा हा शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणारा पदार्थ आहे. एकाच्या हसण्याने दुसऱ्याला धीर येतो, त्याच्या हसण्याने तिसऱ्याला. मध्ये रिकामी खुर्ची आली की ती साखळी तुटते. आणि विचार करता असे दिसते, की ज्या वाटेने हशा जातो, त्याच वाटेने हा रोगही जात होता. एका छपराखाली शेकडो माणसांनी एकच हवा वाटून घेणे, ह्यावर आमची कला उभी आहे. आणि नेमकी तीच गोष्ट त्या काळात धोक्याची ठरली.

साथीने नाट्यगृहे बंद पडण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. शेक्सपिअरच्या काळी लंडनमध्ये प्लेग वाढला की नाट्यगृहांना टाळे लागे. १५९२ ते १५९४ ह्या काळात ती बराच काळ बंद होती. आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला, आणि १८९७ चा साथरोगांचा कायदा त्यातून जन्मला. २०२० साली आमची नाट्यगृहे बंद झाली, ती त्याच सव्वाशे वर्षांच्या कायद्याचा आधार घेऊन. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने तर हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

आणखी एक उदाहरण आम्हा नाटकवाल्यांच्या घरातले आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस. विषमज्वर हा दूषित पाण्याचा आणि दूषित अन्नाचा रोग आहे. ज्या गळ्यासाठी लोक कोसांवरून येत, तो गळा पिण्याचे पाणी स्वच्छ नसल्यामुळे गेला. नटाचे आयुष्य गावच्या विहिरीच्या पाण्यावर अवलंबून असते, हा धडा आमच्या इतिहासात शंभर वर्षांपूर्वीच लिहिलेला आहे. तो आम्ही वाचला नाही, इतकेच.

कोविडचा विषाणू माणसात नेमका कसा आला, ह्याविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तेव्हा त्यावरून आम्ही निष्कर्ष काढीत नाही. पण माणसांत नव्याने येणारे बरेचसे रोग प्राण्यांकडून येतात, आणि रान तोडल्याने हा संपर्क वाढतो, हे मात्र पुष्कळ ठिकाणी दिसून आले आहे. त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली, आणि रानात जाणाऱ्या माणसांना ताप येऊ लागला. गोचिडीमार्फत पसरणारा हा ‘माकडताप’. जंगल तोडून तेथे शेती आणि गुरे गेली, तशी गुरांबरोबर गोचीडही वाढली. पुढे हा ताप गोव्यात आणि २०१६ च्या सुमारास सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला, आढळला. तेथला काजूच्या बागेत काम करणारा माणूस दिवसा रानात असतो आणि रात्री देवळापुढे दशावतार पाहायला बसतो. म्हणजे रान, रोग आणि नाटक एकाच गावच्या शिवेत राहतात. एकाला धक्का लागला, की दुसऱ्याला तो पोचणारच.

येथवर आम्ही स्वतःला सोसणाऱ्यांच्या बाजूला ठेवून बोललो. आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण ती सांगण्यासाठीच हा सारा प्रपंच आहे.

पहिल्या टाळेबंदीच्या अखेरीस आमच्या एका नाटकाचे सामान ज्या गुदामात होते, त्याच्या मालकाचा निरोप आला: भाडे थकले आहे, भाडे द्या, नाही तर सामान उचला. त्याचेही चुकत नव्हते. भाडे देणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही चौघे-पाचजण तोंडाला फडकी बांधून सामान मोडायला गेलो. चार वर्षे ज्या दिवाणखान्यात आम्ही रोज संध्याकाळी भांडलो, रडलो, मेलो, तो दिवाणखाना दोन तासांत जमिनीवर आला. आमच्याबरोबर नेपथ्य लावणारा एक जुना कामगार होता. त्याने न सांगता वाटणी सुरू केली. लाकडी चौकटी एकीकडे. त्या गावच्या घराच्या पडवीला लागतील म्हणाला. कापड दुसरीकडे, ते त्याच्या बहिणीला गोधड्यांसाठी हवे होते. खिळे आणि बिजागऱ्या डब्यात गेल्या. मग उरला तो तिसरा ढीग. त्यात थर्मोकोलचे खांब आणि महिरप, रंगाने माखलेले फोमचे तुकडे, आणि जाहिरातीचे जुने फ्लेक्स. त्या ढिगाकडे पाहून तो म्हणाला, “दादा, ते सगळं कोणी ना कोणी नेईल. हे कोण नेणार?”

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. खरे म्हणजे उत्तर होते, पण ते बोलण्यासारखे नव्हते. आजवर असले ढीग कोठे गेले, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. काही महापालिकेच्या कचऱ्यात गेले, काही नाल्याकाठी, आणि काही रात्रीच्या वेळी पेटवून दिले. थर्मोकोल वर्षानुवर्षे कुजत नाही. त्याचे दाणे होतात आणि पाण्याबरोबर वाहत जातात. फ्लेक्सच्या कापडावर पीव्हीसीचा लेप असतो. तो जाळला की आम्लाचा विषारी धूर निघतो. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्मोकोलची ताटे-वाट्या ह्यांवर बंदी आली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ज्या नाटकात नदी वाचवण्याविषयी एक भाषण होते, त्याच नाटकाच्या नेपथ्यात थर्मोकोलचा खडक होता. ते भाषण आम्हीच करीत होतो, आणि त्याला टाळीही चांगली पडे.

ह्या घटनेनंतर आम्ही हिशेब मांडायला बसलो. हा हिशेब शास्त्रज्ञाचा नव्हे. चौथी-पाचवीच्या गणितातला, ढोबळ आहे. पण त्याने आमच्या कित्येक समजुती बदलल्या.

प्रथम दिवे घेऊ. जुन्या पद्धतीचा रंगमंचावरचा एक दिवा एक हजार वॅटचा असतो. तो जेवढी वीज खातो, तिचा जेमतेम दहावा भाग प्रकाश होतो, बाकीची उष्णता. ती उष्णता नटाच्या डोक्यावर उतरते आणि ती घालवण्यासाठी पुन्हा वातानुकूलन लागते. असे चाळीस दिवे अडीच तास पुऱ्या जोराने जळले, तर १०० युनिट होतात. ते सगळे एकदम कधी जळत नाहीत. म्हणून निम्मे, म्हणजे ५० युनिट धरू. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सुमारे पाऊण किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे दिव्यांपायी एका प्रयोगाला ३५ ते ४० किलो. एलईडीचे दिवे लावले तर हा आकडा चौथाईवर येऊ शकतो.

आता प्रवास. मुंबईहून कोल्हापूरला जाऊन परत येणे म्हणजे सुमारे ७६० किलोमीटर. सामानाने लादलेली बस लिटरमागे चार किलोमीटर जाते असे धरले, तर १९० लिटर डिझेल लागते. आणि एका लिटरमागे सुमारे २.७ किलो कर्बवायू, म्हणजे एकूण ५०० किलोंहून थोडा अधिक. एकाच प्रयोगासाठी गेलो तर तो सगळा भार एका प्रयोगावर. वाटेत सातारा, कऱ्हाड, सांगली असे करीत चार प्रयोग केले, तर प्रत्येकावर सव्वाशे-दीडशे किलो.

आणि शेवटी प्रेक्षक. आठशे रसिक, दोघांत एक याप्रमाणे चारशे दुचाक्या, प्रत्येकीचे जाऊन-येऊन दहा किलोमीटर. हे झाले चार हजार किलोमीटर, म्हणजे सुमारे १०० लिटर पेट्रोल आणि २३० किलो कर्बवायू. मोटारी आल्या तर आकडा कितीतरी वाढेल. म्हणजे आमच्या डोळ्यांत भरणाऱ्या झगझगीत दिव्यांपेक्षा नाट्यगृहाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचा भार पाच-सहा पट मोठा निघाला! हे आम्ही प्रेक्षकांना दोष देण्यासाठी सांगत नाही. शेवटची बस किंवा लोकल निघून जाईल अशा वेळी नाटक संपवायचे, आणि मग लोक वाहने आणतात म्हणून हळहळायचे, हा आमचाच अपराध आहे. प्रयोग अर्धा तास आधी सुरू झाला तर किती वाहने घरी राहतील, ह्याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

वातानुकूलनाची गोष्ट अधिक अडचणीची आहे. बंद नाट्यगृहात तीच हवा फिरवून गार करणे स्वस्त पडते. बाहेरची ताजी हवा आत घेऊन गार करणे महाग. पण साथीने शिकवले ते हे, की ताज्या हवेवाचून माणसांची गर्दी सुरक्षित नाही. येथे प्रकृतीची काळजी आणि विजेची काटकसर एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात. ह्यातून सुटण्याचा एक मार्ग बांधकामात आहे. उंच छप्पर, वरची झरोक्यांची रांग आणि समोरासमोर दारे असली, तर निदान हिवाळ्यात यंत्राविना प्रयोग होऊ शकतो. दुसरा मार्ग ऋतूचा आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा ह्या भागांतली झाडीपट्टीची रंगभूमी भाताची कापणी झाल्यावरच उभी राहते. मोकळ्या शेतात मंडप, वर आकाश, आणि रात्रभर नाटक. तेथे वातानुकूलनाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण नाटकच हवामान पाहून केलेले असते.

कोणी म्हणेल, ह्याचा अर्थ आम्ही रंगभूमीला मागे नेऊ पाहतो. तसे नाही. परंतु मागे काय होते, हे एकदा पाहून घेण्यात कमीपणा नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ केले, त्याला आजच्यासारखे नेपथ्य नव्हते. जनक राजाची सभा सूत्रधाराच्या पदांनी उभी राहिली. दशावतारी मंडळी आजही एका पेटाऱ्यात आपली देवादिकांची सभा घेऊन गावोगाव हिंडतात. एका लाकडी बाकड्याचे सिंहासन होते, तेच पुढच्या प्रवेशात पर्वत होते, आणि कोणाही प्रेक्षकाला त्यात काही उणे वाटत नाही. १९७० नंतरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी प्रायोगिक नाटके झाली, त्यांच्यापाशीही मोजकेच सामान होते. उलट गंधर्व मंडळीच्या वैभवाने प्रेक्षकांचे डोळे दिपले, पण त्या वैभवाने कर्जही केले, हेही आपण जाणतोच. वैभव वाईट नव्हे. मात्र त्याची किंमत कोण देतो, ते विचारले पाहिजे. पूर्वी ती नाटक कंपनीचा मालक देई. आता ती नाल्याकाठच्या वस्तीला द्यावी लागते, आणि तिला तर नाटकाचे तिकीटही परवडत नाही.

इतर देशांतल्या नाटकवाल्यांनीही हा प्रश्न हाती घेतला आहे. ब्रिटनमधल्या रंगकर्मींनी २०२१ साली ‘थिएटर ग्रीन बुक’ नावाची एक नियमावली केली. तिचे मूळ तत्त्व आपल्या आजीला सहज पटले असते: नव्या नाटकाचे निम्मे तरी सामान पूर्वी कोठे तरी वापरलेले असावे, आणि नाटक संपल्यावर त्यातला बहुतेक भाग दुसऱ्याच्या उपयोगी पडावा. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे केटी मिचेल ह्या दिग्दर्शिकेने एका नाटकाचा दौरा असा आखला, की माणसे आणि सामान कोठे जाणारच नाही. केवळ संहिता जाईल, आणि प्रत्येक गावचे नट ते नाटक आपल्या गावी करतील. रंगमंचावरची वीजही सायकली चालवून निर्माण केली. आमच्याकडे सगळेच असे करावे, असे आम्ही म्हणत नाही. गावोगाव हिंडणे हा मराठी नाटकाचा प्राण आहे. पण ह्या उदाहरणांवरून एवढे दिसते, की अडचण कल्पकतेची नाही, सवयीची आहे.

आम्ही आमच्यापुरते चार नियम केले आहेत. पहिला, नेपथ्यात थर्मोकोल आणि फोम वापरायचा नाही. लाकूड, बांबू, कापड, ताग आणि कागदाचा लगदा ह्यांत जे जमेल ते करायचे. दुसरा, चौकटी, पायऱ्या आणि दारे एकाच मापाची ठेवायची, म्हणजे एका नाटकाचे दार दुसऱ्या नाटकाला बसते. तिसरा, एकाच प्रयोगासाठी लांबचा दौरा करायचा नाही. वाटेवरची तीन-चार गावे जोडल्याशिवाय बस हलवायची नाही. चौथा, फ्लेक्स न लावता कापडी फलक रंगवायचा. ह्या चौथ्या नियमाने फलक रंगवणाऱ्या एका जुन्या कारागिराला पुन्हा काम मिळाले.

ह्या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे. नेपथ्य कमी केले तर सुताराचे काम जाते. दौरे कमी केले तर कामगाराची नाइट बुडते. निसर्गाचे ऋण फेडण्याच्या नावाखाली ज्यांच्या हाती आधीच काही नाही, त्यांच्याच पोटावर पाय देणे हा न्याय नव्हे. म्हणून आम्ही ठरवले, की सामानावर वाचलेला पैसा निर्मात्याच्या खिशात न जाता दुरुस्तीच्या मजुरीत आणि रंगमंच कामगारांच्या आरोग्यनिधीत जावा. नव्या सामानापेक्षा जुन्याच्या दुरुस्तीला अधिक हात लागतात, हे कोणत्याही सुताराला विचारावे. ह्यात आम्हांला पुरते यश आले, असे म्हणता येणार नाही. एका निर्मात्याने नकार दिला; एका नाट्यगृहात एलईडीच्या दिव्यांची सोय नव्हती म्हणून जुनेच दिवे लावावे लागले; आणि एका प्रयोगाला घाईघाईत आम्हीच फ्लेक्स लावला. पण तो फ्लेक्स लावताना लाज वाटली. पूर्वी ती वाटत नसे.

प्रेक्षकांनी काय करावे, हे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. विनंती मात्र करता येईल. शेजाऱ्याला बरोबर घेऊन या, म्हणजे दोन वाहनांऐवजी एक येईल आणि हशाही चांगला उठेल. मध्यंतरात पाण्याची बाटली विकत न घेता घरून आणा. खोकला-ताप असेल, तर तिकीट वाया गेले तरी त्या दिवशी येऊ नका. आणि अशा प्रेक्षकाला तिकीट बदलून देण्याची रीत आम्ही नाटकवाल्यांनी पाडली पाहिजे. आणि रंगमंचावर सोन्याचा महाल दिसला नाही, एक बाकडेच दिसले, तर पैसे बुडाले असे समजू नका. तो महाल उभा करण्याचे निम्मे काम पूर्वीपासून तुमचेच आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. शाहू महाराजांनी ते १९१५ साली उभारले होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या सकाळी कितीतरी रंगकर्मी जळक्या भिंतींपुढे उभे राहून रडले. आम्हीही मनाने तेथेच होतो. तेव्हा एक गोष्ट मनात आली. नाट्यगृह जळाले, तर आम्हांला घर जळाल्यासारखे वाटते, कारण त्यात आमच्या पिढ्या वावरल्या. नदी, रान आणि हवा ह्यांत तर त्याहून कितीतरी जास्त पिढ्या वावरल्या आहेत. तेथे आग लागते, ती एका रात्रीत दिसत नाही, इतकाच काय तो फरक.

गुदामातला तो तिसरा ढीग अजून आमच्यापाशी आहे. थर्मोकोल आणि फोम आम्ही फेकला नाही, जाळलाही नाही. गोण्यांत भरून एका खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आहे. फ्लेक्सचे कापड पावसाळ्यात सामानावर झाकायला वापरतो. नवे नाटक बसवायला घेतले, की नेपथ्यकाराला आधी त्या गोण्या दाखवतो. त्या कामगाराच्या प्रश्नाचे उत्तर अजून सापडलेले नाही. तेव्हा निदान त्या ढिगात नवी भर पडू नये, एवढेच आम्ही पाहतो.